अक्कांच्या कार्डाची फी

आबांच्या हाती छापील कागद पडला, की तो वाचून संपल्याशिवाय सुटत नसे. कागद कसलाही असो. लग्नपत्रिका असो, बियाण्याच्या पिशवीवरची सूचना असो, नाहीतर भज्यांचा पुडा. धुळ्यात कचेरीसमोर मी त्यांना एकदा गरम भजी घेऊन दिली, तर त्यांनी भजी माझ्या तळहातावर ओतली आणि तेलकट कागद उलगडून उन्हात धरला. माझा हात भाजून निघत होता, इकडे आबांचं लक्षच नाही. कुणाची तरी म्हैस हरवल्याची जाहिरात होती आणि ती नेमकी मध्येच फाटली होती. आबा उरलेला अर्धा कागद मागायला भजीवाल्याकडे गेले. तो फुकट कसा देणार? मी शपथेवर सांगतो, आम्ही तीन रुपयांची भजी घ्यायला गेलो होतो आणि म्हैस सापडेपर्यंत तेरा रुपयांची खाल्ली.

आबा तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झाले होते. पस्तीस वर्षं फडक्यात बांधलेली दप्तरं सोडायची आणि पुन्हा बांधायची, एवढीच त्यांची नोकरी. त्यामुळे कागदाला ते माणसासारखं वागवत आणि माणसाला कागदासारखं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघून. "कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा," ते म्हणत. "अर्धा वाचलेला कागद खोटं बोलतो." आणि शेवटच्या ओळीपर्यंत म्हणजे अगदी छापखान्याच्या नावापर्यंत. लग्नाचा मुहूर्त ते एकवेळ विसरत, पत्रिका कुणी छापली ते कधीच नाही.

त्यांच्या घरात अक्का होत्या, म्हणजे त्यांची बायको, रुखमाबाई. पिंपळनेरकडच्या एका खेड्यातल्या. चाळीस वर्षं धुळ्याच्या देवपुरात राहूनही त्यांच्या तोंडची अहिराणी तसूभर हलली नव्हती. जगातला एवढा मोठा वाचक नवरा मिळाला होता आणि बाईंना अक्षर एक ठाऊक नव्हतं. आबांनी लग्नानंतर पाटी-पेन्सिल आणली होती म्हणे. अक्कांनी त्या पाटीवर वर्षभर लसूण ठेचला.

त्यांच्या शेजारच्या गल्लीत मी राहत होतो आणि माझ्या तोंडाला त्या काळी ब्रेक नव्हता. नव्वदीची सुरुवात होती. मुंबईच्या एका बँकेनं क्रेडिट कार्ड नावाची वस्तू काढली होती, जळगावात शाखा थाटली होती आणि धुळ्यात माझ्यासारखी माणसं मोकळी सोडली होती. फॉर्ममागे पंचाहत्तर रुपये. त्या पंचाहत्तर रुपयांसाठी मी पारोळ्याच्या एका डॉक्टरांना सांगितलं, की हे कार्ड वर धरलं तर जाणारं विमान खाली उतरतं. जामनेरच्या एका अडत्याला सांगितलं, की परदेशात पासपोर्ट हरवला तरी हरकत नाही, कार्ड तेवढं सांभाळा. दोघांनीही सह्या केल्या. खरं एवढंच होतं, की सबंध धुळ्यात कार्ड चालायची अडीच ठिकाणं होती. हायवेवरचं एक हॉटेल, एक पेट्रोल पंप, आणि अर्धं म्हणजे कापडाचं एक दुकान. तिथं कार्डाचं मशीन होतं, पण बिलं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ते त्यांच्यावर ठेवलेलं असे.

एका महिन्यात माझा एक फॉर्म कमी पडत होता. मी आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"म्हणजे उधार आणायचं," आबा म्हणाले, "आणि उधारीचा दाखला खिशात घेऊन हिंडायचं. का रे भो?"

"आबा, मान असतो त्यात. बँक काय कुणालाही देते का? आणि फुकट आहे."

"फुकट का देतात?"

"तुमचं नाव बघून."

आत अक्का भरताची वांगी भाजत होत्या. मी आवाज चढवून म्हटलं, "अक्कांच्या नावाचंही एक जोडकार्ड करू!"

"माले कसाले?" आतून आवाज आला. "मी कठे जास?"

आबांनी फॉर्म हातात घेतला. फॉर्म इंग्रजीत होता. आबांचं इंग्रजी म्हणजे जुन्या नकाशांवरची नावं आणि आकडे, एवढंच. तरीही त्यांनी ओळ न् ओळ बोट फिरवलं, जणू बोटाला काही कळणार होतं. अगदी खाली आले आणि थांबले. तिथली अक्षरं इतकी बारीक होती, की मुंग्यांनी मोर्चा काढल्यासारखा वाटावा.

"हे खाली काय आहे एवढं?"

"छापखान्याचं नाव, आबा," मी म्हटलं. श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.

आबांचा चेहरा खुलला. कागदावर जिथं जे असायला हवं, ते तिथं होतं. त्यांनी सही केली. मी आयुष्यात हजारभर थापा मारल्या असतील. त्यातल्या नऊशे नव्याण्णव मला आठवत नाहीत.

महिन्याभरानं दोन कार्डं आली. आबांनी आपलं कार्ड एकदा उलटंसुलटं वाचून कपाटात ठेवलं. अक्कांचं मात्र त्यांनी अक्कांच्या हातात दिलं. चकचकीत निळं कार्ड आणि त्यावर उठावाची चंदेरी अक्षरं.

"हाई काय शे?"

"तुनं नाव शे," आबा म्हणाले.

"मनं? बठ्ठं?" म्हणजे माझं, सगळंच्या सगळं?

"बठ्ठं तुनंच."

अक्कांनी नावावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. घर आबांच्या नावावर होतं, शेत दिराच्या नावावर, विजेचं बिल तर आबांच्या वारलेल्या वडलांच्या नावानं यायचं. भांड्यांवर कोरलेलं नावसुद्धा आबांचंच, अक्का ते नुसत्या घासत आल्या होत्या. हे पहिलंच नाव, की जे बोटाला लागत होतं. आठ दिवसांत त्यांना असं जमलं, की डोळे मिटून दोन्ही कार्डं हातात दिली तर नावावरून बोट फिरवून सांगत, "हाई मनं, हाई तुमनं." मी गल्लीत सांगत सुटलो, की अक्का आता इंग्रजी वाचतात. ती तेवढी थाप नव्हती.

मी आबांना सांगितलं होतं, की कार्डाच्या मागं पांढरी पट्टी आहे, तीवर ज्याचं कार्ड त्यानं सही करायची. दुसऱ्या दिवशी बघतो तर अक्कांच्या कार्डावर त्या पट्टीत जांभळ्या शाईचा अंगठा! पट्टी बोटभरही रुंद नाही, पण पस्तीस वर्षांचा कचेरीचा हात तो, आबांनी तो बरोबर बसवला होता. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, "नि. अं. रुखमाबाई", म्हणजे निशाणी अंगठा. आणि त्याखाली, "समक्ष", आणि आबांची आद्याक्षरं. त्या क्षणी मला बोलायला हवं होतं. मी हसलो आणि म्हणालो, "एक नंबर काम, आबा!"

वर्ष झालं आणि पाकिटं आली. दोन वेगवेगळी, एक आबांच्या नावानं आणि एक श्रीमती रुखमाबाईंच्या. अक्कांना आयुष्यात आलेलं ते पहिलं पत्र. त्या दिवशी संध्याकाळी आबा माझ्या खोलीवर आले. हातात फॉर्मची जुनी प्रत होती. ती त्यांनी कॉलेजच्या एका प्राध्यापकांकडून वाचून घेतली होती.

"छापखान्याचं नाव बरंच लांब आहे रे भो," आबा म्हणाले. "प्राध्यापकांना वाचायला पाऊण तास लागला."

त्यांनी प्रत माझ्यासमोर पसरली आणि खालच्या मुंग्यांवर बोट ठेवलं.

"पहिलं वर्ष फुकट. पुढं दर वर्षी माझे पाचशे आणि हिचे अडीचशे. वापरलं तरी, नाही वापरलं तरी."

मला वाटलं होतं, आता आबा माझं थोबाड फोडतील. मी मनातून गालही पुढं केला होता. आबांनी खिशातून साडेसातशे रुपये काढून टेबलावर ठेवले. "ड्राफ्ट काढून पाठवून दे. न वाचता सही मी केली. चूक माझी आहे." आणि गेले. त्यांनी मारलं असतं तर मी ते आठ दिवसांत विसरलो असतो.

बँकेच्या त्या पत्रात एक नवी सवलत होती. कार्ड वर्षातून एकदा जरी वापरलं, तरी त्या कार्डाची पुढच्या वर्षाची फी माफ. मी अपराध्यासारखा धावतपळत आबांकडे गेलो. धुळ्यातल्या अडीच ठिकाणांपैकी एकही अक्कांच्या कामाचं नव्हतं. शेवटी ठरलं, जळगावला जायचं आणि सराफाकडून अक्कांना नाकातली फुली घ्यायची. सोनं घ्यायचं ते जळगावातच, याबद्दल आमच्याकडे दुमत नाही. आबांनी दोन्ही कार्डं घेतली. अक्कांनी हिरवं नऊवारी काढलं, सोबत ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधला. एस.टी.त त्यांनी पिशवी अशी छातीशी धरली होती, की कंडक्टरला वाटलं आत जिवंत कोंबडी आहे. त्यानं कोंबडीचं तिकीट मागितलं. आता हे मी वाढवून सांगतोय, पण पिशवीकडे त्यानं दोनदा बघितलं हे खरं.

सराफ भला माणूस होता. अक्कांनी बराच वेळ लावून सगळ्यात लहान फुली निवडली. सराफानं कार्ड मशीनमध्ये ठेवलं, वर कार्बनची पावती ठेवली आणि दांडा खर्रकन इकडून तिकडे ओढला. पावतीवर अक्कांचं नाव उमटलं. अक्कांना एवढा आनंद फुलीचासुद्धा झाला नव्हता.

"आजी, इथं सही."

अक्कांनी अंगठा पुढं केला आणि शाईसाठी इकडेतिकडे बघितलं.

सराफानं कार्ड उलटं केलं. भावाला हाक मारली. भावानंही बघितलं. गिऱ्हाइकांत कोणीतरी फिसकन हसलं.

"काका," सराफ हळूच म्हणाला, "याला अंगठा चालत नाही हो."

"का चालत नाही?" आबांचा आवाज चढला. "या अंगठ्यावर कचेरीत वीस-वीस एकर जमीन इकडची तिकडे होते, शेठ. सही खोटी करता येते. अंगठा खोटा करून दाखवा मला."

"खरं आहे काका. पण बँकेला कोण सांगणार? तुमच्या कार्डावर करू ना. तुम्ही सही करा, झालं."

आबांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी अंगठा पदरात ओढून घेतला होता, भाजल्यासारखा. आबांनी आपलं कार्ड पाकिटातून काढलंही होतं. ते त्यांनी परत आत ठेवलं.

"जिथं हिचा अंगठा चालत नाही, तिथं माझी सही कशाला चालायला हवी?" ते म्हणाले.

"मग रोखीनं घ्या, काका."

"नको," अक्का म्हणाल्या. "माले फुली नको. चला."

जळगावच्या स्टँडवर आम्ही तिघांनी भाकरी खाल्ली. मी भाकरीचे तुकडे नुसते मोडत होतो. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि ठेचा पुढं सरकवला. "दिलीप," त्या म्हणाल्या, "तू खोटं बोलस, पन गोड बोलस. खाय आते." त्यांच्या या बोलण्यावर मी एवढ्या जोरात हसलो, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्याचं खापर मी ठेच्यावर फोडलं.

पुढच्या वर्षी पाकिटं आली, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी आबांना म्हटलं, कार्डं परत करून टाकू. नियम सोपा होता. कार्डाचे कात्रीनं दोन तुकडे करायचे आणि बँकेला द्यायचे, की फी बंद. आबांनी मला खिडकीतून आत बघायला सांगितलं. दुपारची वेळ होती. अक्का जात्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कार्ड मांडीवर, बोट नावावर.

"राहू दे," आबा म्हणाले. "तिला वाचायला दुसरं काही नाही."

चौथं पाकीट यायच्या आधीच अक्का गेल्या. थंडीतला ताप काय तो, आज आला उद्या उतरेल असं सगळे म्हणत राहिलो. सरकारी दवाखान्यात तीन दिवस होत्या. जामनेरला दिलेली त्यांची मुलगी शोभा पोहोचली, तेव्हा त्या बोलत नव्हत्या. याबद्दल मला काही वाढवून सांगता येत नाही, एवढंच झालं.

महिन्याभरानं आबा म्हणाले, "जळगावला चल माझ्यासोबत. बँकेतून हिचं नाव कमी करायचं आहे." पिशवीत अक्कांचं कार्ड होतं आणि मृत्यूचा दाखला होता. बँकेतला अधिकारी तरुण आणि नम्र होता. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"नाव कमी करायचं असेल तर काय करावं लागतं?" आबांनी विचारलं.

"काही नाही काका. कार्ड इथं माझ्यासमोर कापून द्यायचं. तेवढं केलं, की संपलं." आणि त्यानं टेबलाच्या खणातून कात्री काढून दिली.

आबांनी कात्री घेतली. कार्ड तिच्या दोन पात्यांमध्ये धरलं. पंखा चालू होता, टेबलावरचे कागद फडफडत होते, आणि मला अजून असंच वाटतं, की त्या वेळात जळगावहून धुळ्याला दोन गाड्या जाऊन परत आल्या. मग आबांनी कात्री उलटी केली आणि मुठीकडून त्याच्यासमोर धरली.

"नुसती चौकशी करायला आलो होतो," ते म्हणाले.

त्यानं रजिस्टर बघितलं. "काका, फी लागत राहील हं. आणि वापर तर शून्य दिसतोय. आजी वापरत का नाहीत कार्ड?"

"ती फारशी बाहेर जात नाही," आबा म्हणाले.

दाखला पिशवीतून बाहेर आलाच नाही. परतीच्या एस.टी.त, एरंडोल मागं पडल्यावर, आबा खिडकीबाहेर बघतच बोलायला लागले. "रेशनकार्डावरून मी कमी केलं तिला. मतदार यादीतून केलं. पस्तीस वर्षं हेच केलं ना मी, दिलीप. मेलेल्यांच्या नावाखाली लाल रेघ. एखादा म्हातारा यायचा, म्हणायचा, भाऊसाहेब, एवढं नाव राहू द्या ना हिचं. मी म्हणायचो, राहून उपयोग काय, बाबा?" थोड्या वेळानं म्हणाले, "त्यांना तो उपयोग सांगता येत नव्हता. मला तरी कुठं येतोय?"

नुसतं अक्कांचं कार्ड ठेवता येत नव्हतं. जोडकार्ड मूळ कार्डावर चालतं, म्हणून आबा दोन्हीची फी भरत राहिले. मी तोवर कार्डांचा धंदा सोडून कचेरीसमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. पाकिटं आली, की आबा इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात येत. "हिचं पत्र आलं रे," म्हणत. मग मी ते सबंध वाचून दाखवायचं. खालच्या मुंग्यासुद्धा. एक ओळ गाळायची सोय नव्हती, आबा बोट ठेवून बसलेले असत. प्रत्येक ओळीचा अर्थ ते पेन्सिलीनं वरच्या बाजूला मराठीत लिहून घेत.

एकदा मी न राहवून म्हटलं, "आबा, पेन्शनमधले साडेसातशे रुपये! ज्या कार्डावर कधी सुईसुद्धा आणली नाही, त्याचे?"

"बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला एका फुलीचा खर्च करू दिला नाही," आबा म्हणाले. "आता वर्षातून एकदा मागते. नाही म्हणू?"

मग एका वर्षी वेगळंच पत्र आलं. मी वाचता वाचता खुर्चीतून उठलो. "सुटलात आबा! बँक म्हणते, ज्यांचा वापर नाही ती सगळी कार्डं आम्हीच बंद केली. फी नाही. कार्ड परत करायचीही गरज नाही. काहीच नाही!"

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही नाही. कधीच नाही."

"पत्रसुद्धा नाही?"

"फीच नाही तर पत्र कशाचं, आबा?"

आबांनी त्या पत्रावर पेन्सिलीनं काही लिहिलं नाही. घडी घातली. "वापर नाही म्हणून कमी केलं," एवढं म्हणाले आणि पायरी उतरून गेले. मी पेढे आणायला निघालो होतो, तो तसाच उभा राहिलो.

त्या वर्षात आबा वाळत गेले. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांच्या हातात दिली, तर त्यांनी ती न उलगडता खिशात टाकली. मी वाट बघत राहिलो, पण हात खिशाकडे गेला नाही. त्या दिवशी मी खरा घाबरलो.

अक्कांची जुनी पत्रं आबांनी माझ्याकडे झेरॉक्सला दिली होती, त्यांच्या जादा प्रती माझ्याकडे पडून होत्या. त्यातली एक मी काढली. जुन्या तारखेवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, तीवर नवी तारीख टाइप केली, झेरॉक्स काढली, लिफाफ्यावर श्रीमती रुखमाबाई असं टाइप केलं आणि धुळ्याच्या मोठ्या पोस्टात टाकून आलो. हा गुन्हा आहे हे मला कळत होतं. माझ्या आधीच्या गुन्ह्यापुढं तो किरकोळ होता.

तिसऱ्या दिवशी आबा आले. इस्त्रीचा शर्ट.

"आलं रे भो, हिचं पत्र. बँकेचा काहीतरी घोटाळा झाला असणार मागच्या वर्षी."

"झाला असेल," मी म्हटलं.

मी पत्र वाचून दाखवलं, खालच्या मुंग्यांपर्यंत. आबांनी साडेसातशे रुपये मोजून टेबलावर ठेवले. आता काय करायचं, ते मी ठरवलंच नव्हतं. पैसे परत दिले तर पत्र खोटं ठरत होतं. मी ते उचलले. लोकांकडून थापा मारून मी पुष्कळ पैसे घेतले होते, पण हे मला मोजवले नाहीत. पैसे मी एका पाकिटात घालून खणात टाकले. जायच्या आधी आबांनी लिफाफा टेबलावर ठेवला, टपालाचा शिक्का वर करून. बँक मुंबईची. शिक्का धुळ्याचा. आबांनी त्या शिक्क्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या माझ्या झेरॉक्स मशीनकडे बघितलं.

"शाई जरा फिकी पडते तुझ्या मशीनची," ते म्हणाले. "बघून घे एकदा."

मी शाई बदलली. पुढच्या वर्षी पत्र चांगलं काळंभोर निघालं. आबांनी तेही पैसे भरले.

तिसऱ्या वर्षी आबा दिवाळीनंतर दुकानात आले, ते काठी टेकत. पत्राला अजून तीन महिने होते. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "दिलीप, यंदा हिचं पत्र जरा लवकर येऊ दे."

मी मान हलवली. ते पायऱ्या उतरून गेले, तशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि टाइपरायटरवर कागद चढवला. तारखेचे चार आकडे टाइप करायला मला तासभर लागला.

पत्र पोहोचलं त्या दिवशी आबा अंथरुणावर होते. दुकानात शोभाताई आल्या. हातात साडेसातशे रुपये.

"दिलीपभाऊ, हे कसले पैसे आहेत मला माहीत नाही. आबा म्हणाले, औषधं नंतर आण, आधी हे देऊन ये. आणि पावती घेऊन ये म्हणाले."

पावती त्यांनी इतक्या वर्षांत कधी मागितली नव्हती. मी दुकानाचं पावतीपुस्तक काढलं. रुखमाबाई यांजकडून, एक वर्षाची फी, साडेसातशे रुपये फक्त, मिळाले. खाली रेव्हेन्यूचं तिकीट लावलं आणि सही केली.

शोभाताईंनी नंतर सांगितलं, की आबांनी ती पावती चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचली. मागची बाजू कोरी होती, तीसुद्धा बघितली. मग उशाखाली ठेवली आणि म्हणाले, "चला, हिचं वर्षभराचं झालं."

त्या महिन्यातच आबा गेले. माझ्या पावतीप्रमाणे अक्कांचं कार्ड त्यानंतर आणखी अकरा महिने चालू होतं.